पडलेली स्कूटर आणि वहीतला खात्रीचा रकाना: एका शिक्षिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेचे आहे: गेलेला आत्मविश्वास वजनांच्या व्यायामातून कितपत परत आला त्याचे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शाळेत आणि वाड्यावर सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथेही बाईच म्हटले आहे.

वय ४३, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. घरी नवरा, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. पाणी, डबे, देवपूजेची तयारी, मग शाळा. दुपारनंतर वह्या आणि शाळेची ऑनलाइन कामे. अंग हलते, पण जड असे काही उचलले जात नाही: सिलिंडर नवरा लावतो, तांदळाचे पोते मुलगा सरकवतो, स्कूटर मेन स्टँडवर कोणीतरी लावून देतो. यात आळस नव्हता. घरात तशी पद्धतच पडून गेली होती.

आदल्या वर्षी जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, घराच्या फाटकाशी स्कूटर आडवी झाली. जांभ्याची बारीक खडी आणि त्यावर ओल. खरचटण्यापलीकडे लागले नाही. पण स्कूटर उचलायला गेल्या तर ती तसूभर हलेना. समोरच्या दुकानावरची दोन मुले धावत आली आणि हसत हसत उचलून दिली. त्या दिवसापासून बाईंनी स्कूटरची चावी हातात घेतली नाही. नवरा शाळेत सोडू लागला. तो कामात असला की कदंबची (सरकारी) बस, आणि थांब्यापासून सव्वा किलोमीटर चालणे.

अडचण

वरवर पाहता अडचण स्कूटरची होती. बोलत गेल्यावर ती पसरलेली दिसली. बाई सहलीबरोबर जायचे टाळू लागल्या होत्या. मुख्याध्यापकपदाचा तात्पुरता प्रभार त्यांनी नाकारला. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन दरवर्षी त्यांचे असे, ते त्यांनी दुसऱ्या शिक्षिकेला दिले. "माझ्याने नाही व्हायचं" हे वाक्य आधी स्कूटरपुरते होते, वर्षभरात ते कशालाही लागू लागले.

जानेवारीत त्यांनी एका व्यायामशाळेत नाव घातले आणि अकराव्या दिवशी सोडले. हे अकरा दिवस नीट पाहण्यासारखे आहेत, कारण असेच बहुतेक ठिकाणी होते. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वजन करून आकडा मोठ्याने सांगितला गेला. मग अर्धा तास ट्रेडमिल, त्यानंतर पोटाचे शंभर क्रंच आणि स्क्वॉटचे, म्हणजे बैठकांचे, पाच सेट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखल्या की शाळेच्या पायऱ्या कठडा धरून उतराव्या लागल्या. नव्या श्रमानंतर स्नायू २४ ते ७२ तास दुखतात आणि हळूहळू थांबतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बाईंनी अर्थ लावला तो असा: आपले शरीर यासाठी नाहीच. म्हणजे आत्मविश्वास मिळवायला गेलेल्या बाई आणखी एक पुरावा घेऊन परतल्या, उलट्या बाजूचा.

कोणते पर्याय होते

मे महिन्यात एका ओळखीच्या पालकाने त्यांची गाठ एका प्रशिक्षिकेशी घालून दिली. ती सकाळी फक्त चार-पाच जणींना शिकवते. तिने पहिल्या भेटीत व्यायाम घेतला नाही, तासभर विचारपूस केली. चार वाटा समोर होत्या.

रोज सकाळचे चालणे आणि योगासने. स्वस्त, सुरक्षित, सासूबाईंनाही पसंत. पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस दोन्ही मागते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. चालण्याने दम वाढला असता. जमिनीवरचे ओझे उचलता आले नसते. आणि बाईंची गाठ नेमकी तिथेच बसली होती.

घरी मोबाईलवर पाहून व्यायाम. यात पाठ कुठे वाकते ते सांगणारे कोणी नसते. शिवाय पडद्यावर पंचविशीतल्या मुली. आपल्यासारखीला जमताना पाहिले की आपल्यालाही जमेल असे वाटते, आणि तसे कोणी दिसले नाही की उलटे होते.

तिसरी वाट पुन्हा जुन्या व्यायामशाळेत जाण्याची. बाईंनी ती ऐकूनही घेतली नाही, आणि ते बरोबरच होते.

चौथी: आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, वजनांचा व्यायाम, बाकीचे दिवस चालणे.

समुपदेशकाकडे पाठवावे का, हा प्रश्नही होता. प्रशिक्षिकेने झोप, भूक, सतत उदास वाटणे, मागच्या सीटवर बसतानाही धडधड होते का, हे विचारले. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल तर आधी डॉक्टर, वजने नंतर. इथे भीती स्कूटर चालवण्याची आणि लोक बघतील याची होती, बाकी दिनक्रम शाबूत होता. म्हणून चौथा पर्याय घेतला आणि आठव्या आठवड्यापर्यंत फरक नाही दिसला तर समुपदेशकाकडे जायचे, असे लिहून ठेवले. हे लिहून ठेवणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. नाहीतर व्यायाम शिकवणारा माणूस प्रत्येक दुखण्यावर व्यायामच सांगत राहतो.

सुरुवातीआधी डॉक्टरांची तपासणी झाली. रक्तदाब ठीक, थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ११.१. प्रौढ स्त्रीला ते १२ च्या वर हवे. पाळीत रक्तस्राव जास्त होता, त्यावर उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी त्या चहाबरोबर घेत होत्या. चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, म्हणून ती दुपारी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची ठरले. डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला हरकत घेतली नाही, चक्कर आली तर थांबा म्हणाले.

काय केले

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात झाली. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सव्वासहा ते सात. पहिल्या चार आठवड्यांत पाचच प्रकार होते. ४५ सेंटिमीटर उंच बाकावर बसून उठणे, मग तेच छातीशी ६ किलोचा डंबेल धरून. पाठीला काठी लावून कमरेतून वाकणे, आणि ते जमल्यावर ठोकळ्यावर ठेवलेली १२ किलोची केटलबेल (मूठ असलेला लोखंडी गोळा) उचलणे. टेबलावर हात टेकून पुश-अप. एका हाताने ५ किलोचा डंबेल पोटाकडे ओढणे. शेवटी दोन्ही हातांत ६-६ किलो घेऊन वीस मीटर चालणे. प्रत्येकाचे दोन सेट, सेटमध्ये आठ ते दहा रेप (एक रेप म्हणजे तीच हालचाल एकदा), मध्ये दोन मिनिटे विश्रांती. हिमोग्लोबिन कमी असल्याने ही विश्रांती कधीच कमी केली नाही.

नियम एकच: अजून तीन रेप निघतील इतकी ताकद शिल्लक असतानाच थांबायचे. दोन्ही सेटमध्ये दहा-दहा रेप लागोपाठ दोन सत्रांत झाले की वजन थोडे वाढवायचे, त्याआधी नाही. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावू लागतात म्हणून. म्हणजे या काळात दंड-मांड्या दिसायला फारशा बदलत नाहीत, उचलले जाणारे वजन मात्र झपाट्याने वाढते. आरशात फरक शोधणाऱ्याची इथे फसगत होते.

म्हणून वही. शाळेतलीच दोनशेपानी. तारीख, प्रकार, वजन, रेप आणि एक वेगळा रकाना: उचलण्याआधी, हे जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती. कल्पना नवी नाही. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले की एखादे ठरावीक काम आपल्याला जमेल ही खात्री चार ठिकाणांहून येते: स्वतः केलेल्या कामाचा अनुभव, आपल्यासारख्यांना करताना पाहणे, दुसऱ्यांचे बोलणे, आणि त्या क्षणी शरीराला जे वाटते त्याचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला झरा सर्वांत मोठा. बाईंच्या बाबतीत अनुभव येत होता, पण तो मनात टिकत नव्हता. "ते हलकंच होतं" म्हणून त्या पुसून टाकत. कागदावरचे पुसता येत नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी प्रशिक्षिकेने काही न बोलता लाल पेन त्यांच्या हातात दिले आणि वही तपासायला सांगितली. नवे वजन घेतल्याचे १४ प्रसंग होते. त्यांपैकी १२ वेळा खात्री ५ किंवा त्याहून कमी. ठरलेले रेप मात्र चौदाही वेळा पूर्ण. बाई पान उलटून पुन्हा पहिल्यापासून मोजत गेल्या. मग म्हणाल्या, "हा मुलगा स्वतःला उगाच नापास करतोय." आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची पाच मिनिटे ती. कोणी शाबासकी दिली नव्हती, निष्कर्ष त्यांनी स्वतः काढला.

खाणे

आहाराची नोंद तीन दिवस घेतली तेव्हा प्रथिने ४० ग्रॅमच्या आसपास निघाली. लक्ष्य ७५ ग्रॅम ठेवले, म्हणजे किलोमागे साधारण १.१ ग्रॅम. सकाळी पाव आणि पातळ भाजी, दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि हुमण (माशाची आमटी), त्यात माशाचा एकच तुकडा. रात्री पेज किंवा भात. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक, म्हणजे मासे-मांस-अंडी वर्ज्य, पुढे पूर्ण श्रावण. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मासे महाग. तेव्हा "मासे वाढवा" हा सल्ला त्या दिवसांत कुचकामी होता.

बदल साधेच केले. न्याहारीला दोन अंडी, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. शिवराक दिवशी अंड्यांऐवजी मूग किंवा अळसांद्यांची (चवळीसारखे कडधान्य) मोठी वाटीभर उसळ, साधारण १० ते १२ ग्रॅम. दुपारी वाटीभर दही. भाजीत ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यांतून १५ ग्रॅम मिळतात. बांगडा स्वस्त झाला की १०० ग्रॅममागे १९-२० ग्रॅम. भात कमी केला नाही. सासूबाईंना हे पटले, कारण ताटातले काही काढले नव्हते.

पावलांचा हिशेब मोबाईलवर होता: सुरुवातीला रोज सरासरी ३,८००. पावसाळ्यात रस्त्याकडेला शेवाळ आणि पाणी, म्हणून मधल्या सुट्टीत शाळेच्या लांब व्हरांड्यात दहा मिनिटे, आणि बसथांब्यापासूनचे चालणे चालू. ऑक्टोबरपर्यंत सरासरी ६,५०० झाली. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, ते जमले.

जिथे घसरले

पहिली घसरण वजनकाट्याची. प्रशिक्षिका सवयीने दर महिन्याला वजन घेत होती. सातव्या आठवड्यात काटा ६८.९ दाखवू लागला, म्हणजे ९०० ग्रॅम जास्त. कंबर त्याच काळात दोन सेंटिमीटरने उतरली होती. नव्याने काम करणारे स्नायू पाणी आणि साखरेचा साठा धरून ठेवतात, पाळीच्या आधी शरीरात पाणी साठते. एवढ्या फरकाला एवढीही कारणे पुरतात. पण त्याच आठवड्यात नणंद आली आणि म्हणाली, "इतलें करून वजन तितलेंच?" पुढच्या दोन सत्रांत खात्रीचे आकडे ३ आणि २. उचललेले वजन तेच, माणूस तोच, मोजपट्टी चुकीची. तिथे निर्णय झाला की काटा बंद, तीन महिन्यांनी एकदाच. त्याऐवजी वहीच्या पहिल्या पानावर तीन कामे लिहिली: स्कूटर मेन स्टँडवर लावणे, पडलेली स्कूटर उभी करणे, भरलेला सिलिंडर चुलीपाशी नेणे. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, लोखंड धरून सगळा मिळून तीस किलोच्या आसपास.

नवव्या आठवड्यात डेडलिफ्टमध्ये, म्हणजे वजन जमिनीवरून उचलून सरळ उभे राहण्यात, ४५ किलो हलले नाही. हे अपयश मात्र नीट हाताळले गेले. प्रशिक्षिकेने लगेच ३५ वर आणून दोन सेट पूर्ण करून घेतले आणि वहीत लिहायला सांगितले: "४५ उठले नाही. काल वह्या तपासत जागरण, झोप ४ तास." अपयशाशेजारी कारण लिहिले की ते स्वभावाला चिकटत नाही. पुढच्या शुक्रवारी ४२.५ किलो पाच वेळा उठले.

आणि त्या यशाने दुसरी, मोठी घसरण झाली. आनंदाच्या भरात प्रशिक्षिकेने त्या सेटचा व्हिडिओ आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकला. विचारले नाही. संध्याकाळपर्यंत दोन पालकांनी बाईंना फोन केला, दोघांनीही कौतुकच केले. बाई पुढची तीन सत्रे आल्या नाहीत. गावात शिक्षिकेकडे सगळ्यांचे डोळे असतात, आणि फाटकाशी उचलून देणाऱ्या मुलांचे हसणे त्या विसरल्या नव्हत्या. लोक बघतील हीच मूळ भीती होती, आणि तिलाच हात घातला गेला.

प्रशिक्षिकेने व्हिडिओ काढून टाकला, घरी गेली, "बाई, माझं चुकलं. विचारायला हवं होतं," एवढेच म्हणाली. "पण किती छान दिसत होतं" असे जोडले नाही. बाई परतल्या त्या या अटीवर की वही आणि फोन दोन्ही त्यांच्याच पिशवीत राहतील. संमतीचा कागद पहिल्या दिवशीच भरून घ्यायला हवा होता, आणि त्यात छायाचित्र, व्हिडिओ, नाव यांना वेगवेगळे होकार-नकार.

स्कूटर

बाईंना ऑगस्टमध्येच स्कूटर उचलून पाहायची होती. प्रशिक्षिकेने पाऊस जाईपर्यंत नकार दिला, पण मेन स्टँडचा सराव पोर्चखाली कोरड्या फरशीवर सुरू केला. हा मधला मार्ग योग्य होता.

पहिल्या वेळी बाई दोन्ही हातांनी स्कूटर वर ओढत होत्या. कोपरे वाकलेली, स्कूटर त्यांच्या अंगावर कललेली. शंभर किलोच्या वरचे ओझे हातांनी वर येत नाही, आणि तशी गरजही नसते. रीत अशी: स्कूटरच्या डाव्या बाजूला उभे राहायचे, डावा हात हँडलवर, उजवा सीटखालच्या दांड्याला. स्कूटर सरळ उभी करून उजव्या पायाने स्टँड दाबायचा, त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याचे तळव्याला कळेपर्यंत. एकच पाय टेकला असेल तर ती घसरणार. मग अंगाचे सगळे वजन त्या उजव्या पायावर टाकून उभे राहायचे. उजवा हात फक्त मागे-वर दिशा देतो. स्कूटर मागे सरकत चढते, म्हणून मागे उतार किंवा चढ असलेली जागा नको. "हात ओढू नका बाई, पायावर उभ्या राहा," असे तिसऱ्यांदा सांगितल्यावर खट्ट आवाज झाला आणि मागचे चाक हवेत फिरू लागले. बाईंनी स्कूटर खाली घेतली आणि लगेच पुन्हा लावली. सलग सहा वेळा.

चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगायची चौकट, बांधताना स्टुलावर उभे राहून नारळाची पेंड (घड) वर धरण्याचे काम दरवर्षी दिराचे असे. या वर्षी तो उशिरा आला. पेंड बांधून झाली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी, देवळामागच्या कोरड्या मैदानावर पडलेली स्कूटर उचलण्याचा सराव झाला. टाकीत पेट्रोल अगदी कमी, चावी बंद, सायलेन्सर थंड, खाली जुनी गादी, पलीकडे एक माणूस उभा. स्कूटर उजवीकडे पडली असेल तर आधी डावीकडचा साईड स्टँड उघडायचा, नाहीतर उभी होता होता ती दुसऱ्या बाजूला आडवी होते. ब्रेक धरून किंवा क्लिपने अडकवून ठेवायचा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचे, पाठमोरे होऊन सीटच्या कडेला बूड टेकायचे, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात मागचा दांडा, पाठ सरळ, आणि बारीक पावले मागे टाकत पायांनी ढकलायचे. चाके जमिनीला टेकलेली असल्याने पूर्ण वजन उचलावे लागत नाही. सर्वांत जड असते ती पहिली वीतभर, मग हलके होत जाते. वहीत त्या दिवशी खात्री ४. तिसऱ्या प्रयत्नात उभी राहिली. दुसऱ्या प्रयत्नात पाय घसरला होता, कारण त्या चपलांवर आल्या होत्या. बूट घालायला सांगणे राहून गेले होते.

चालवणे मग टप्प्यांनी: मैदानात, वाड्यातली दोनशे मीटरची गल्ली, रविवारी सकाळी शाळेपर्यंतचा रिकामा रस्ता, शेवटी शाळेच्या वेळेला.

निकाल

२४ आठवड्यांत ४८ पैकी ३९ सत्रे. डेडलिफ्ट ५२.५ किलो, पाच रेप. वजन ६७.४, कंबर चार सेंटिमीटरने कमी, हिमोग्लोबिन १२.३. पडलेली स्कूटर उचलण्याची खात्री १ वरून ८ वर. डिसेंबरमध्ये कोरड्या दिवशी बाई एकट्या स्कूटरने शाळेत जात होत्या.

पालकसभेत बोलण्याची खात्री सुरुवातीला ४ होती, शेवटी ५. प्रभार त्यांनी दुसऱ्यांदाही नाकारला. हे लपवण्यासारखे नाही. ताकदीतून आलेली खात्री शरीराच्या कामांत ठळक उतरली, शेजारच्या कामांत थोडी झिरपली. सभेत बोलायची खात्री सभेत बोलूनच येणार. तिच्यासाठी वहीत वेगळे पान आणि वेगळ्या पायऱ्या लागतात. सहलीला मात्र त्या गेल्या.

पुन्हा करायचे तर

वजनकाटा पहिल्या दिवसापासूनच बाजूला ठेवावा, आणि तीन खरी कामे पहिल्या भेटीतच लिहून घ्यावीत. इथे ती सातव्या आठवड्यात आली. संमतीचा कागद आधी. नवऱ्याला दुसऱ्याच आठवड्यात बोलावून घरचा सिलिंडर आणि पोते कोण हलवणार ते ठरवावे. इथे तो मदतीच्या भावनेने नोव्हेंबरपर्यंत सिलिंडर स्वतःच आणत राहिला, त्यामुळे ते तिसरे काम बाईंनी दोनदाच केले.

सभेसाठीची पायरी पहिल्या महिन्यात सुरू करता आली असती: परिपाठात एक सूचना, मग वर्गाच्या पालकांशी पाच मिनिटे, मग सभा. पावसात चालवणे अजून बाकी आहे. त्यासाठी मेमध्ये टायर तपासणे, कोरड्या खडीवर पुढचा-मागचा ब्रेक एकत्र हळू दाबण्याचा सराव, आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर रस्ता धुऊन निघेपर्यंत दोन-तीन दिवस थांबणे, एवढे वहीत शेवटच्या पानावर लिहिलेले आहे. पुढचा खात्रीचा रकाना कोरा आहे.